टोगा, रिकीब आणि तेरचं कापड

काका, रोमवरच्या सगळ्या पिक्चरमध्ये लोक पांढरेशुभ्र टोगे घालून हिंडतात. खरंच तसं होतं का?
— कॉलेजची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

तसं नव्हतं गं. माझं आयुष्य गिरणीच्या डिझाइन खात्यात गेलं, त्यामुळे पडद्यावर राजा आला की माझी नजर तलवारीआधी काठावर जाते. टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लोकरीचं कापड, पाच-सहा मीटर लांब, जड. तो अंगावर नीट बसवायला दुसरा माणूस लागायचा. कामधंद्याला असलं लचांड कोण घालेल? बाजारातला माणूस साध्या अंगरख्यावर असायचा. टोग्याचा रंगही लोकरीचाच, मळकट पांढरा. निवडणुकीला उभा राहणारा तेवढा खडू चोळून तो झळकवायचा. अधिकाऱ्याला जांभळा काठ, सुतकात गडद टोगा. आणि धुलाई! रोमचे धोबी लोकर स्वच्छ करायला शिळं मूत वापरायचे, व्हेस्पेशियन बादशहानं तर त्यावर कर बसवला होता. हे कोणता दिग्दर्शक दाखवणार?

पांढऱ्याचं खूळ बरंचसं पुतळ्यांवरून आलं. ते मुळात रंगवलेले असत. रंग उडाले, उरला नुसता संगमरवर, आणि आपण समजलो रोम असंच होतं.

'ग्लॅडिएटर'मधला कॉमोडस बादशहा खरंच आखाड्यात मेला का?
— एक वाचक, होटगी रोड

नाही. इ.स. १९२ च्या ३१ डिसेंबरला नार्सिसस नावाच्या पैलवानानं त्याचा गळा दाबला. आखाड्यात उतरायची हौस मात्र त्याला खरोखरच होती. आणि एक, असल्या पिक्चरमध्ये घोडेस्वारांचे पाय बघत जा. रोमनांकडे रिकीब, म्हणजे खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी, नव्हती, अलेक्झांडरकडेही नव्हती. दिसली की चूक झाली समजायचं.

कपड्यांसाठी बघावा असा एखादा पिक्चर सांगा.
— शिवणक्लास चालवणारी वाचक, अक्कलकोट

ताई, १९६६ चा 'आम्रपाली' बघा. वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथैय्यांची. पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, त्याच या. त्यांनी अजिंठ्याची चित्रं डोळ्यांपुढे ठेवून कपडे केले. आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली, म्हणजे मध्ये हजारेक वर्षं गेली. पण बुद्धाच्या काळचं कापड दाखवणारं चित्र आणायचं कुठून? मी तरी त्यांना पूर्ण मार्क देतो.

दुसरा चीनचा 'हीरो', २००२ चा. एकच घटना वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली जाते आणि दर वेळी कपड्यांचा रंग बदलतो. छिन राजाची, म्हणजे पुढे चीनचा पहिला सम्राट झाला त्याची, फौज त्यात काळी आहे. छिन घराण्यानं काळा रंग आपला मानला, हे जुन्या चिनी इतिहासात लिहिलेलं आहे. पण त्याच्या थडग्याजवळ १९७४ साली मातीचे सैनिक सापडले, ते मुळात रंगीबेरंगी होते.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. 'गौतमीपुत्र सातकर्णी' दोनदा बघितला. राजा आंध्रचा की पैठणचा? आणि आपल्याकडे त्याच्या खुणा काय?
— पूर्व भाग, सोलापूर

सोलापुरात हा वाद घालायचा म्हणजे शेजारणीशी भांडण की ओ! त्याच्या सातवाहन घराण्याचं राज्य दोन्हीकडे होतं. पण गौतमीपुत्राचे स्वतःचे लेख नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांत आहेत, आणि त्याची थोरवी सांगणारा लेख त्याची आई गौतमी बलश्री हिनं नाशिकलाच कोरून घेतला. सिनेमात तो अख्खा देश एक करतो. आईच्या लेखात मात्र अपरांत (कोकण), विदर्भ, सौराष्ट्र, अवंती (उज्जैनकडचा भाग) अशी नावं आहेत. आई लेकाचं कौतुक करताना काही कमी ठेवणार नाही, तरी तिनं दिलेल्या प्रदेशांच्या यादीत अख्खा देश येत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याचा शत्रू, क्षत्रप राजा नहपान, याची १३,००० हून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप पुन्हा ठोकलेला. शत्रूच्याच चांदीवर! माझ्या हातात कॅमेरा असता तर लढाईऐवजी ती टाकसाळ दाखवली असती.

आणि खुणांसाठी नाशिकपर्यंत कशाला, तेरला जा. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तर आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की 'तगर' म्हणजे तेर पैठणपासून दहा दिवसांवर, आणि तिथून साधं कापड नि तलम मलमल गाड्यांतून गुजरातच्या भडोच बंदराला जाते. तिथून पुढे जहाजानं पश्चिमेला. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनी कुरकुरत होता की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. त्यातले थोडे आपल्या बाजूच्या विणकरांचे असणारच. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची बाई आहे, तशीच एक इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली. तिच्या अंगावर दागिने भरपूर आहेत, कापड मात्र शोधावं लागेल.