बांधकाम साहित्याच्या इतक्या चाचण्या लक्षात कशा ठेवायच्या?

सिव्हिलला बांधकाम साहित्य आणि त्याच्या चाचण्या हा विषय सुरू होतोय, यादी लांबलचक आहे, ती पाठ कशी करायची आणि प्रयोगाचं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं नाही तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

पाठ करायला बसू नका. यातली प्रत्येक चाचणी साइटवरच्या एखाद्या अडचणीतून निघाली आहे. आधी ती अडचण शोधा, मग कृती आणि मापं आपोआप जागेवर बसतात. सिमेंट कालवल्यावर ते वापरायला हाताशी किती वेळ आहे? विका उपकरणाची सुई हेच मोजते. सुई पेस्टमध्ये तळापर्यंत शिरेनाशी होऊ लागली की प्रारंभिक घट्ट होण्याची वेळ झाली. तेवढ्यात माल वाहून, ओतून, दाबून व्हायला हवा. वाळूचं फुगणं का मोजतात? कोरडी वाळू जरा ओली झाली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि बारीक वाळूचं आकारमान 20 ते 30 टक्क्यांनीही वाढतं. अशी वाळू घमेल्याने मोजून टाकली तर प्रत्यक्षात ती कमी पडते. तीच वाळू पूर्ण पाण्यात बुडवा, फुगलेलं आकारमान परत खाली येतं. हा प्रयोग मोजपात्र घेऊन स्वतः करून बघा, फार सुंदर आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ काँक्रीटला द्या, आणि त्यातही पाण्याला. 1918 मध्ये अमेरिकन काँक्रीट संशोधक डफ अब्राम्स यांनी दाखवून दिलं की साहित्य तेच असेल आणि काँक्रीट नीट दाबलेलं असेल, तर त्याची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेत त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी बांधलं जातं. आपण त्याहून बरंच जास्त घालतो, कारण नाहीतर माल साच्यात सरकणारच नाही. ते जादा पाणी पुढे रिकामी छिद्रं मागे ठेवतं आणि ताकद तिथे जाते. स्लम्प चाचणी या ओढाताणीवर नजर ठेवते. 300 मिमी उंचीचा शंकूच्या आकाराचा साचा, तीन थर, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोके, मग साचा सरळ वर उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचं. स्लम्प ताकद सांगत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. एकाच मिश्रणाचा स्लम्प आज अचानक वाढला तर पाणी वाढलं का, वाळू ओली होती का, हे विचारायला तो भाग पाडतो, आणि तेही काँक्रीट ओतण्याआधी. म्हणूनच इतकी साधी चाचणी मला इतकी मोलाची वाटते.

ताकद कळते ती क्यूबवरून, म्हणजे त्याच काँक्रीटचा घनाकार नमुना यंत्रात दाबून फोडल्यावर. पण हा निकाल 28 दिवसांनी येतो, तोवर वरचा मजलाही चढलेला असू शकतो. 150 मिमीच्या क्यूबचं दाबाखालचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिमी. तो 675 किलोन्यूटनला फुटला तर ताकद 30 न्यूटन प्रति चौरस मिमी. भागाकार सोपा आहे, पण त्या 30 मध्ये काय काय मिसळलंय ते बघा. भार भराभर वाढवला तर तोच क्यूब जास्त ताकदीचा दिसतो. ओतताना वर राहिलेली खडबडीत बाजू यंत्राच्या प्लेटखाली ठेवली तर कमी ताकदीचा दिसतो, म्हणून साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजूंवर भार द्यायचा. त्याच काँक्रीटचा 150 बाय 300 मिमीचा सिलिंडर फोडला तर आकडा साधारण 80 टक्के येतो, कारण क्यूब बुटका असल्याने प्लेटच्या घर्षणाचा आधार त्याला जवळजवळ पूर्ण उंचीवर मिळतो. काँक्रीट तेच, आकडे दोन. म्हणून नमुना, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) आणि भाराचा वेग सांगितल्याशिवाय आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

बाकीचं थोडक्यात. सळईच्या ताण चाचणीत सगळे कमाल भाराकडे बघतात. तुम्ही तुटण्याआधी ती किती लांबली तेही तितक्याच काळजीने मोजा, कारण ताणली जाणारी सळई संकटाची सूचना देते, ठिसूळ सळई देत नाही. मातीच्या प्रॉक्टर चाचणीत, म्हणजे ठोकून दाबण्याच्या चाचणीत, कोरडी घनता कमाल होते तो ओलावा शोधायचा असतो. त्याच्या अलीकडे माती नीट दबत नाही, पलीकडे पाणी जागा अडवतं. खडीसाठी चाळणी विश्लेषण, म्हणजे चाळण्यांनी कण आकारानुसार वेगळे करणं, आधी नीट शिका, 4.75 मिमीची चाळणी वाळू आणि खडी यांची सीमा आहे.

आता उत्तर न जुळण्याबद्दल. आलेला आकडा आहे तसाच लिहा. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून जुळवलेला आकडा लिहिलात तर हा विषय शिकण्याची संधीच गेली, हे मी अगदी मनापासून सांगतोय. कमी आलेल्या क्यूबचं फोडण्यापूर्वीचं वजन तपासा. 150 मिमीचा चांगला दाबलेला क्यूब साधारण 8.1 किलो भरतो. तो 7.7 भरला असेल तर आत जवळपास 5 टक्के पोकळी असू शकते, आणि तेवढ्या पोकळीने ताकद तीसेक टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे दोष मिश्रणाचा नसून दाबण्याचा असण्याची शक्यता मोठी. मग फुटलेला क्यूब बघा. चारही उघड्या बाजू सारख्या तडकून मधे कमरेसारखा भाग उरला असेल तर भार सरळ बसला होता. एकच कोपरा किंवा एकच बाजू उडाली असेल तर क्यूब मध्यावर होता का, प्लेटवर खडे होते का, साचा काटकोनात होता का, हे तपासा आणि निरीक्षणाच्या रकान्यात आकड्याशेजारी लिहून ठेवा.