थायरॉईडची गोळी रोज घेते, तरी वजन उतरत नाही. सोलापुरी जेवणात काय बदलू?

आधी गोळीची वेळ बघा. उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत. चहा किमान अर्ध्या तासाने, तासाभराने घेतला तर उत्तम. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४०च्या वर असतो, त्यामुळे गोळ्यांची बाटली खिडकीत किंवा गॅसजवळ नको. डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) ६ ते ८ आठवड्यांनी तपासा.

थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते साडेचार किलोच असतं, त्यातही बरंचसं मीठ-पाणी. टीएसएच नॉर्मल असूनही काटा हलत नसेल तर ताटाकडे वळा.

ज्वारीची भाकरी सोडू नका, ती बिचारी निर्दोष आहे. गोम आहे शेंगा चटणीत: एका मोठ्या चमच्यात साधारण ८०-९० कॅलरी, वर तेल वेगळंच. एक चमचा पुरे. भाकरी एक कमी, घट्ट डाळ किंवा मटकी जास्त. थायरॉईडला कोबी चालत नाही असं ऐकलं असेल, पण शिजवलेला कोबी बिनधास्त खा.

वजनासाठी मनाने डोस वाढवू नका. धडधड होते, हाडं ठिसूळ होतात.