नवी किडनी आणि कोकणातला पहिला पावसाळा

भावा, तुझी किडनी बसून दोनच महिने झालेत आणि मिरग तोंडावर आलाय, म्हणून लिहितो. माझा हा नववा पावसाळा. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून आपण टॅक्रोलिमस घेतो, पण त्यानेच बुरशीशी लढायची ताकदही कमी होते. पहिले सहा महिने फार जपायचे.

आपल्याकडे पावसात बुरशी कुठे नसते? गळक्या कौलाखालची भिंत, शेणखताचा खड्डा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दमट पेंढा. तो हलवला की अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. गोठ्याचं काम यंदा घरच्यांवर सोड, अगदी सोड. ओली भिंतही दुसऱ्याने पुसावी, तू तेव्हा त्या खोलीत नको.

पहिल्या वर्षी मी तीन आठवडे खोकला काढा पिऊन अंगावर काढला. ताप जवळजवळ नव्हताच. सीटी स्कॅननंतर तपास पुढे गेला आणि बुरशी निघाली. या गोळ्यांवर ताप दबलेला राहतो रे, त्यावर विसंबू नको.

नायट्यासाठी कुणी फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी दिली तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन कर. तिने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं, किडनीलाच इजा होते. व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाने तर खूपच वाढतं, आणि ती बंद केली की पातळी घसरते, तेव्हाही रक्त तपासायचं.

हो, चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला टांगलेलं पपनस खाऊ नको. त्यानेही टॅक्रोलिमस वाढतं.