हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू झाल्यावर बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं. गोळ्या थांबवाव्यात का?

नका थांबवू. कोर्स अर्धवट सोडला तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि कोलेस्टेरॉलपेक्षा तो धोका कितीतरी मोठा आहे. मी स्वतः यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९४ साली अपघातानंतर मला रक्त चढवलं होतं. रक्तपेढीत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. मला आजार कळला २०१९ साली, हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत. तोवर दरवर्षीच्या चेकअपमध्ये माझं एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) ५८, ६१ असं यायचं आणि सगळे खूश असायचे. सोनोग्राफीत मात्र फॅटी लिव्हर दिसायचं. लिव्हरमध्ये चरबी आणि रक्तात नाही, हे कोडं कुणीच उलगडलं नव्हतं.

उलगडा असा: लिव्हर चरबीचे बारीक कण बांधून रक्तात सोडतं. हा विषाणू त्याच कणांना चिकटून बाहेर पडतो आणि कण बांधायच्या कामातच खोडा घालतो. चरबी आत साठते, रक्तातलं एलडीएल खाली जातं. विषाणूच्या जीनोटाइप ३ या प्रकारात हे सगळ्यात ठळक दिसतं, आणि भारतात तोच जास्त आढळतो. माझाही तोच होता.

सोफोसबुव्हिर-वेलपाटास्विर या हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात माझं एलडीएल १०४ झालं, कोर्स संपताना १२१. मी घाबरून दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी पेनने गोल केला तो जुन्या ५८ ला. म्हणाले, "आजारी होता तो हा आकडा. आत्ताचा तुमचा खरा."

बाबांच्या बाबतीतही बहुधा हेच झालंय. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणू गेला की नाही याची तपासणी होते, तेव्हाच लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या. साखर, बीपी, तंबाखू यांच्यासोबत तो नवा आकडा धरून हृदयाचा धोका ठरवायला सांगा. जुने "छान" रिपोर्ट त्यात धरू नका. सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) असेल तर नव्या आकड्यावर कितपत विसंबायचं हेही डॉक्टरांना विचारा, कारण थकलेलं लिव्हर कोलेस्टेरॉल कमीच बनवतं.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, मनाने सुरू करू नका, आणि आधीपासून चालू असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. वेलपाटास्विरसोबत रोसुवास्टॅटिन दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. ग्लेकाप्रेव्हिर असलेल्या हिपॅटायटिस सीच्या दुसऱ्या गोळीसोबत अटोर्वास्टॅटिन चालत नाही.



माझी स्टॅटिन कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू झाली, कारण मला साखरही आहे. तोपर्यंत सोनोग्राफीतली चरबी बरीच उतरली होती.