‘मला नाहीच आवडत तसलं’

ताई, नमस्कार.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मिस्टर मार्केट यार्डात एका अडत्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. थोरली दहावीला, इंग्लिश मीडियमला. धाकटा सहावीत. यंदा शाळेनं निरोप समारंभाऐवजी ‘प्रॉम नाईट’, म्हणजे नटूनथटून जायची नाचाची पार्टी, ठेवलीय, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, मिरज रोडला एका हॉलवर. थीम काळा-सोनेरी. शाळेची वर्गणी २,२०० रुपये. गाऊन ३,५०० च्या आत येत नाही. सँडल ९००, पार्लर १,०००, शिक्षकांच्या गिफ्टचे ४००. झाले आठ हजार, म्हणजे ह्यांचा अर्धा पगार. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांची नावं बाई रोज वर्गात वाचतात.

पोरगी म्हणते, ‘मी नाही जाणार, मला नाहीच आवडत तसलं.’ पण परवा तिच्याच वर्गातल्या मुलीचा गाऊन कमरेत आवळायला माझ्याकडे आला. काळा, सोनेरी टिकल्यांचा. मी मशीनवर होते, ही दारात उभी राहून बघत होती. मी मान वर केली तशी आत निघून गेली. रात्री उशीत तोंड खुपसून रडत होती. हे म्हणतात, तुझ्या कुड्या ठेवू गहाण, मार्चमध्ये हळदीचा सीझन लागला की सोडवू. २०१९ च्या पुरानंतर त्याच कुड्या ठेवल्या होत्या, सोडवायला चौदा महिने लागले. सासूबाई म्हणतात, पोरापोरींनी नाचायचं कसलं, पाठवूच नका. आणि पैसे नाही भरले तर हॉल तिकीट अडवतील का, ही वेगळीच भीती. मी काय करू?

— एक आई, सांगली

*

कुड्या गहाण ठेवू नका. हे पहिल्यांदा सांगते, म्हणजे तेवढी घालमेल आजच संपेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, गावभागात घराघरांत पाणी होतं. तेव्हा त्या कुड्यांनी तुमचा संसार परत उभा केला. बाईच्या अंगावरचं सोनं असल्या दिवसासाठी असतं. तारणावरचं व्याज महिन्याच्या महिन्याला चढत राहतं. मार्चमध्ये यार्डात हळदीची आवक वाढेल, ह्यांना जादा खेपा मिळतील, हे खरं. पण तो पैसा हातात पडून जरा स्थिरावेपर्यंत जून उजाडतो आणि जूनला अकरावी दारात उभी असते. प्रवेश, क्लास, वह्या-पुस्तकं. तो पैसा आधीच तिच्या नावावर लागलेला आहे. मिस्टरांना मात्र यावरून टाकून बोलू नका. पोरीचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नाही, एवढंच त्यात आहे.

हॉल तिकिटाची भीती मनातून काढून टाका. ते बोर्डाचं असतं, शाळा ते फक्त काढून सही-शिक्क्यानिशी मुलांच्या हातात देते. पार्टीच्या वर्गणीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता मुलीकडे येते. तुमच्या पत्रातलं तिचं ते एक वाक्य मी चार वेळा वाचलं.

मी सातवीत होते, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली, माणशी ५५ रुपये. त्या वर्षी विहिरीच्या कर्जाचा हप्ता थकला होता. घरात मला कुणी ‘नाही’ म्हणालं नाही, कारण मी विचारलंच नाही. बाईंना सांगितलं, मला गाडी लागते. मैत्रिणींना तेच सांगितलं, घरीही तेच. तोवर मी एसटीत बसले होते ती दोन-तीनदा, आणि मला काही होत नव्हतं. पण एकदा बोलून गेले ते कायमचं चिकटलं. पुढे कितीतरी वर्षं, लग्नाच्या वऱ्हाडात कुठंही निघालं की मला खिडकीची जागा ठेवायचे. आई पदराच्या गाठीला आलेपाकाची वडी बांधून आणायची आणि घाट लागायच्या आधी माझ्या हातावर ठेवायची. मी ती खायची. आई गेली तेव्हाही तिची समजूत तीच होती. सहल चुकल्याचं मला आज काही वाटत नाही. त्या वडीचं वाटतं.

म्हणून तुमच्या लेकीचं ‘मला नाहीच आवडत तसलं’ वाचून पोटात तुटलं. ते ती तुमच्यासाठी बोलतेय. तुमच्यावर ‘नाही’ म्हणायची वेळ येऊ नये म्हणून तिनं आधीच स्वतः म्हणून टाकलंय. तिचं हे मन मारणं शहाणपण समजून सोडून देऊ नका, आणि ‘कित्ती समजूतदार गं माझी’ म्हणून चारचौघींत कौतुकही करू नका. कौतुक झालं की पोरीला त्यातून बाहेर पडता येत नाही.

येत्या रविवारी दुपारी मशीन बंद ठेवा. धाकट्याला खेळायला धाडा. मुलीला शेजारी बसवा, वही तिच्याच हातात द्या आणि घरचा सगळा महिना तिला लिहायला लावा: पगार किती, तुमच्या शिवणाचे किती, मग किराणा, गॅस, लाईटबिल, दोघांच्या फिया, सासूबाईंची औषधं. ‘आपल्याला परवडत नाही’ एवढं बोलून उठायचं नाही. त्या वाक्यानं पोराला वाटतं, घरात काहीच नाही आणि आपण मागितलं हाच गुन्हा झाला. आकडे समोर असले की तिला दिसेल, अमुक एवढी जागा आहे. ती किती, ते तुम्ही दोघांनी आदल्या रात्री ठरवून ठेवा. दोन हजार म्हणा, अडीच म्हणा. कुणाकडे हात न पसरता जेवढे निघतात तेवढे. आणि मग विचारा: ‘एवढे तुझे आहेत. तुला जायचंय का? खरं सांग.’

ती चिडेल, कदाचित परत रडेल. रडू द्या. लगेच समजूत घालू नका.

जायचं म्हणाली तर त्या पैशात काय बसवायचं ते तिलाच बसवू द्या. पार्लर सगळ्यात आधी जाईल बघा, दहावीच्या मुली एकमेकींचे केस पार्लरवालीपेक्षा बरे करतात. गाऊनचं मात्र जपून. तुम्ही शिवणाऱ्या, तेव्हा ‘मीच शिवते की’ असं तुमच्या ओठांवर पटकन येईल. जरा थांबा. पंधरा वर्षांच्या मुलीला घरी शिवलेलं म्हणजे विकत न मिळालेलं असं वाटू शकतं, आणि तसं वाटण्यात तिची चूक नाही. तुमच्या पेटीत संक्रांतीची काळी साडी असेलच, चंद्रकळा किंवा जरीकाठाची दुसरी एखादी. नाहीतरी थीम काळा-सोनेरीच आहे. साडेपाच मीटर कापडात घेर भरपूर पडतो, काठ कमरेला आणि गळ्याला घेता येतो, हे मी तुम्हाला काय सांगावं. ती साडी तिच्यासमोर उलगडा, खांद्यावरून सोडून तिला आरशापुढं उभी करा आणि गप्प राहा. तिचा चेहराच सांगेल. कात्री तिनं तोंडानं ‘हो’ म्हटल्यावरच उचला. नको म्हणाली तर साडी घडी घालून परत पेटीत. मग चुलत-मावस बहिणींपैकी कुणी रिसेप्शनला घेतलेला गाऊन पडून असेल तो बघा, नाहीतर गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं देणारी दुकानं आहेतच. तिथं नेण्याआधी शिवण, चेन, डाग तपासा आणि डिपॉझिटची पावती घ्या.

मागून घालण्यात कमीपणा वाटत असेल तर तिला हेही सांगा. प्रॉम अमेरिकेतलं. ‘प्रोमेनेड’ या शब्दाचं ते तोकडं रूप. तिथं ते आधी कॉलेजांत सुरू झालं, मग हायस्कुलांत आलं. गाऊन, भाड्याची लांबलचक गाडी, फुलं, तिकीट, यांच्या खर्चानं तिथलेही आईबाप मेटाकुटीला येतात. म्हणून एकदा घातलेले गाऊन गोळा करून दुसऱ्या मुलींना फुकट देणाऱ्या संस्था तिथं गावोगाव आहेत. आपल्याकडं पार्टी आली, त्या संस्था तेवढ्या मागं राहिल्या.

वर्गात नावं वाचण्याचा मला मनापासून राग आला आहे. पैसे मागायचे ते आईबापाकडं मागावेत, चाळीस मुलांसमोर पोराला उभं करून नव्हे. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना तर नाहीच नाही. महाराष्ट्रात शाळांच्या शुल्कावर २०११ चा कायदा आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती लागते, आणि ठरलेल्या शुल्काबाहेर शाळेला सक्तीनं पैसे घेता येत नाहीत. पार्टीची वर्गणी ऐच्छिकच. तेव्हा मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज लिहा. भांडणाची भाषा नको. तीन गोष्टी मागा: नावं वाचणं आजपासून बंद, वर्गणी ऐच्छिक असल्याची लेखी सूचना, आणि कार्यक्रम शाळेच्याच हॉलमध्ये घेऊन वर्गणी कमी करता येते का याचा विचार. अर्जाची एक प्रत घ्या, त्यावर पोच घ्या.

एकटीनं सही करू नका, तुमच्या मुलीचंच नाव डोळ्यांवर येईल. तीन-चार आया लागतील आणि त्या आहेत, फक्त बोलत नाहीत. तो टिकल्यांचा गाऊन न्यायला त्या मुलीची आई येईल ना? घडी घालून देताना सहज विचारा, ‘जड गेलं का हो यंदा?’ तिनं तो कशातून घेतला हे आपल्याला माहीत नाही. लिलावाच्या भिशीत घाटा सोसून आधी रक्कम उचलली असेल, हप्त्यावर घेतला असेल. तुमच्या पोरीनं तो दारातून पाहिला तसा तुम्हीही बाहेरूनच पाहिलाय.

सासूबाईंना सांगा, शिक्षक आहेत, वेळ ठरलेली आहे, आणायला बाप जाईल. त्या ऐकतील, नाही ऐकलं तरी हा निर्णय आईबापाचा.

रविवारी वही मिटल्यावर ती काय म्हणाली, ते मला दोन ओळींत कळवा. जायचंच नाही असं खरोखर म्हणाली तरी कळवा.