कॅप प्रवेशाचा अर्ज सबमिट झाल्यावर सापडलेल्या चुका

ताई, तुमची अडचण मला अशी समजली. मुलीचा इंजिनिअरिंगच्या कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) अर्ज सायबर कॅफेत भरला आणि घरी प्रिंट पाहताना तीन चुका दिसल्या: आईच्या नावात एक अक्षर चुकलंय, बारावीच्या गणिताला ८३ ऐवजी ८८ टाकलेत, आणि प्रवर्ग ओबीसी टाकलाय पण जोडलेलं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र (उत्पन्न मर्यादेत असल्याचं) ३१ मार्चलाच संपलंय. आता नवीन अर्ज भरावा का, असं तुम्ही विचारलंय.

नवीन अर्ज अजिबात भरू नका. आहे त्याच अर्जात दुरुस्ती होते, कारण सबमिट झाल्यावर छाननी व्हायची असते. ई-स्क्रूटिनी, म्हणजे ऑनलाइन छाननी, निवडली असेल तर सुविधा केंद्रावरचे अधिकारी अर्ज आणि कागद ताडून पाहतात, आणि फरक दिसला की शेरा लिहून अर्ज मुलीच्या लॉगिनला परत पाठवतात. तो दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा असतो. प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन छाननी निवडली असेल तर आणखी सोपं. मूळ कागद घेऊन जा आणि समोर बसूनच बदल करून घ्या.

आधी एक गोष्ट तपासा: अर्जात मोबाइल नंबर कोणाचा आहे? कॅफेवाले पुष्कळदा स्वतःचाच टाकतात. मग अर्ज परत आल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर पडून राहतो आणि इकडे मुदत निघून जाते. पासवर्डही आजच त्यांच्याकडून मागून घ्या आणि बदला.

नावाची चूक किरकोळ आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव जसं छापलंय तसंच करून घ्या.

गुणांचं तसं नाही. इंजिनिअरिंगची मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, त्यामुळे पाच गुणांनी काय बिघडणार, असं वाटू शकतं. पण पर्सेंटाइल सारखे आले की पुढे बारावीचे गुणही पाहिले जातात. छाननीत चूक सुटली तरी प्रवेशाच्या वेळी कॉलेज मूळ गुणपत्रिका बघतंच, आणि तेव्हा मिळालेली जागा धोक्यात येते. कोणी पकडेल याची वाट न बघता तुम्हीच सांगा.

खरी काळजी नॉन-क्रीमी लेअरची करा. ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलंच लागतं. नसेल तर मुलगी खुल्या प्रवर्गात धरली जाते. त्यात नुसती जागाच जात नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्या सवलतीवरही पाणी पडू शकतं. म्हणून नव्या नॉन-क्रीमी लेअरच्या अर्जासाठी उद्या सकाळीच सेतू केंद्र गाठा. तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. ती तात्पुरती चालते का, आणि मूळ प्रमाणपत्र कोणत्या तारखेच्या आत द्यायचं, हे यंदाच्या माहितीपुस्तिकेतच वाचा. गेल्या वर्षी कोणाचं काय चाललं यावर विसंबू नका, हे नियम बदलतात. जात वैधता प्रमाणपत्र आहे ना, तेही बघून घ्या.

छाननी आधीच होऊन अर्ज कन्फर्म झाला असेल, तरीही एक संधी उरते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की साधारण तीन दिवस लॉगिनमधून तक्रार नोंदवता येते, सोबत पुरावा जोडायचा. तक्रार मंजूर झाली की नामंजूर, हे रोज उघडून पाहा आणि नवी पावती डाउनलोड करून तिच्यावरचा प्रवर्ग आणि गुण स्वतः वाचा. अंतिम यादी लागल्यावर मात्र फेऱ्या मारून फारसं काही हाती लागत नाही.

लॉगिन उघडल्यावर अर्जाची स्थिती नेमकी काय दिसते, ते इथे शब्दशः लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.