एकच पाऊस, दोन ओढे

प्रश्न : आमचे गाव केज तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर आहे. गावाच्या दोन्ही अंगांना एकेक ओढा आहे. पाऊस सारखाच पडतो. तरी एक ओढा दिवाळीलाच आटतो आणि दुसरा महाशिवरात्रीपर्यंत वाहतो. याचे कारण काय असावे? – एक वाचक

उत्तर : पावसाळा सरल्यावर ओढ्यात जे पाणी वाहते ते भूजलाचा पाझर असतो. भोवतालच्या जमिनीतील पाण्याची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल तोवरच तो मिळतो. ही पातळी किती दिवस टिकेल, हे पावसाइतकेच खडकावर अवलंबून असते.

मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. साधारणपणे प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, तर खालचा भाग घट्ट काळ्या पाषाणाचा असतो. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या चिकण मातीचा पट्टाही सापडतो. मुरूम आणि भेगाळ, सच्छिद्र खडक यांत मुरलेले पाणी खालच्या पाषाणाशी किंवा त्या तांबड्या पट्ट्याशी अडते, मग आडवे सरकते आणि उताराने दोन थरांमधला तो सांधा जिथे उघडा पडला असेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. तुमच्या दुसऱ्या ओढ्याने असा सांधा कापला असावा, आणि पहिला बहुधा उघड्या पाषाणावरून वाहत असावा. दोन्ही ओढ्यांच्या काठाची दरड निरखून पाहिली, तर हे तुम्हालाच ताडता येईल.

मात्र सांधा मिळाला म्हणजे बारमाही पाणी मिळाले, असे नव्हे. झिजलेल्या बेसाल्टमधून, म्हणजे लाव्हाच्या या काळ्या पाषाणाच्या मुरमातून, निथळून मिळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम 1 ते 3 टक्के असते. वाळूच्या गाळात हेच प्रमाण 12 ते 20 टक्के भरते. त्यामुळे आपल्याकडे मुरमाची जाडी निर्णायक ठरते. मुरूम पातळ आणि उतार तीव्र असेल, तर भेगा कितीही मोकळ्या असोत, साठा महिन्या-दोन महिन्यांत निथळून जातो. वर जाड काळी माती असेल तर ती भिजून फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली फारसे जातच नाही. देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, पण तिथेही साठा मुख्यतः झिजलेल्या थरातच असतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. डिसेंबरातल्या थंड पहाटे ओढ्यात ठिकठिकाणी हात घालून पाहा. जिथे पाणी कोमट लागेल, तिथे भूजल आत येत आहे. त्याच सुमारास काठच्या विहिरींची पातळी ओढ्याच्या तळाशी ताडून पाहावी. ती तळाच्या खाली गेली असेल, तर ओढाच विहिरींना पाणी देऊ लागला आहे असे समजावे. रब्बीसाठी दोन्ही काठांवर मोटारी सुरू झाल्या, की असे पुष्कळदा घडते. तेव्हा दिवाळीला आटणाऱ्या ओढ्याचा सगळा दोष खडकाच्या माथी मारण्यापूर्वी त्याच्या काठच्या विहिरी आणि बोअर अवश्य मोजा.

ओढ्याच्या खोलीकरणाबाबत माझे मत सावधच आहे. गाळ काढण्यास हरकत नाही. परंतु यंत्राने मुरूम कापून पाण्याचा थर उघडा पाडला, तर ओढ्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली जातो, काठच्या जमिनीतले पाणी लवकर निथळते आणि हिवाळ्यासाठीचा साठा आधीच वाहून जातो.